वाकलं की दुखतं: एका कोलॉइड सिस्टचं प्रकरण

सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका औषध दुकानात मी चौदा वर्षं काउंटरवर उभा आहे. ‘डोकं दुखतंय, एक गोळी द्या’ हे वाक्य दिवसातून किती वेळा कानावर पडतं त्याची मोजदाद नाही. त्यातली दीड वर्षं हेच वाक्य माझी सख्खी थोरली बहीण म्हणत होती आणि मी तिला गोळी देत होतो. म्हणून तिच्या मेंदूतल्या गाठीचं हे प्रकरण लिहायला बसलो आहे. तिचं नाव लिहीत नाही, तिची तशी इच्छा आहे. बाकी सगळं तिला वाचून दाखवलेलं आहे.

आक्काचं वय तेव्हा 43. दाजी 2021 च्या मे महिन्यात गेले. तेव्हापासून ती शाळेच्या गणवेशांच्या एका छोट्या कारखान्यात मशीनवर बसते. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण गणवेश शिवण्याचं कामही इथं मोठं आहे आणि त्यावर कितीतरी घरं चालतात. आक्का कॉलर बसवते. नगावर पैसे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, कामाचा रेटा असतो. बाहेर 42-43 अंश, वर पत्रा, आणि दहा-दहा तास मान खाली घालून सुईकडे बघत बसायचं.

2023 च्या एप्रिलमध्ये डोकं दुखायला लागलं. आम्ही सगळ्यांनी उन्हाला दोष दिला. वर लिहिलेलं वाचून कुणीही तेच म्हणेल.

पण ते दुखणं नेहमीसारखं नव्हतं. कपाळापासून टाळूपर्यंत एकदम भरून यायचं, पाच-दहा मिनिटांत असह्य व्हायचं, मळमळायचं, कधी उलटी व्हायची. मग ती कारखान्यातच कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये फरशीवर आडवी व्हायची. पंधरा-वीस मिनिटांनी दुखणं पाण्यासारखं ओसरायचं आणि ती उठून पुन्हा मशीनवर बसायची. बाकीच्या बायकांना वाटायचं, ही काम चुकवतेय. दुखत असतं तर अर्ध्या तासात बरी कशी झाली? त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. उलट संपूर्ण प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता, फक्त तो कुणी डॉक्टरांपुढे मांडला नाही.

घरी वेगळा प्रकार. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला. नळ जमिनीलगत, खड्ड्यात. खाली वाकून घागर लावायची, भरली की उचलायची, पुन्हा वाकायचं. पाण्याच्या दिवशी आक्काचं डोकं हमखास दुखायचं. ‘पाण्याचा दिवस आला की मला धडकी भरते’ असं ती म्हणायची. आम्ही समजायचो, जागरणाने होत असेल.

दीड वर्षात काय काय झालं

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, ठीक होता. चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं. नंबर थोडा बदलला होता, नवा चष्मा आला. दोन महिन्यांनी दुसऱ्या एका दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढला आणि ‘मणक्यात गॅप आहे’ असं निदान झालं. गळ्यात पट्टा आला. चाळिशीच्या पुढे मानेचा एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसतेच. ती दिसली म्हणजे डोकेदुखीचं कारण सापडलं असं होत नाही. पट्टा लावून आक्का कॉलर बसवत राहिली. तिसऱ्या डॉक्टरांनी मायग्रेन म्हटलं, रोज रात्री घ्यायची गोळी सुरू केली. तिने झोप वाढली, दुखणं तसंच राहिलं.

या तिघांवर मला राग काढायचा नाही. डोकेदुखी घेऊन येणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना ताण, मायग्रेन, डोळे, झोप यातलंच काहीतरी असतं आणि प्रत्येकाला स्कॅनला पाठवणं परवडणारंही नाही, बरोबरही नाही. राग आहे तो एकाच गोष्टीचा: तिघांनीही ‘कुठं दुखतं’ विचारलं, ‘कधी दुखतं आणि कशाने थांबतं’ हे एकानेही विचारलं नाही. आणि आक्कानेही आपण होऊन सांगितलं नाही. तिला वाटायचं, डॉक्टरांना काय सांगायचं की मी फरशीवर झोपते म्हणून.

आणि मी. माझ्या हातात औषधनिर्माणशास्त्राची पदविका आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेल्या) दहा किंवा त्याहून जास्त दिवस, अशा तीन महिन्यांच्या वर घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हे मला पाठ होतं. आक्का महिन्यात वीस-बावीस गोळ्या घेत होती. मी तिला स्ट्रिप देताना ‘जेवून घे’ एवढंच म्हणायचो. एका अनोळखी गिऱ्हाइकाने इतक्या गोळ्या मागितल्या असत्या तर मी त्याला टोकलं असतं.

कोजागिरी

सोलापुरातून कोजागिरीला लोक तुळजापूरला पायी जातात. हजारोंनी जातात, रात्रभर रस्ता भरलेला असतो, ठिकठिकाणी चहा-केळी वाटणारे मंडप असतात. आक्का लग्नाआधीपासून जाते. 2024 लाही निघाली, सोबत मी आणि तिची मुलगी. तामलवाडीच्या पुढे तिने चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकून पुन्हा सरळ व्हायला बघितलं आणि दोन्ही पाय गळून ती रस्त्यावर बसली. बसली म्हणजे कोसळली. शुद्ध पूर्ण होती. डोळे उघडे, बोलत होती, ‘पायच नाहीत रे मला’ म्हणत होती. एखाद-दोन मिनिटांनी पाय परत आले. मग मात्र डोकं असं दुखलं की ती रस्त्याच्या कडेला आडवी झाली आणि ओकली.

भोवती बायका जमल्या. एकीने हात जोडले, देवी आली म्हणाली. एकीने लिंबू फिरवलं. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलो, कारण फिट आलेला माणूस मी दुकानासमोर पाहिलेला आहे आणि हे तसं नव्हतं. चक्कर येऊन पडलेलाही पाहिला आहे, हे तसंही नव्हतं. शुद्ध असताना पाय जाणं मी पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेंदूचा सीटी स्कॅन केला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या द्रवाच्या कोठीच्या) पुढच्या भागात 11 मिलिमीटरची गोल, पांढरी दिसणारी गाठ, कोलॉइड सिस्ट असण्याची शक्यता. दोन्ही बाजूंचे लॅटरल व्हेंट्रिकल्स, म्हणजे वरच्या दोन कोठ्या, किंचित मोठे. ज्या डॉक्टरांनी स्कॅन सांगितला होता ते म्हणाले, ‘पाण्याची गाठ आहे, साधी आहे, कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.’ आणि दुखण्यासाठी गोळ्या.

‘पाण्याची गाठ’ या शब्दाने घरात दोन तास दिवाळी झाली. त्याच शब्दाने आक्काचा जीव जाऊ शकला असता.

पाण्याची गाठ म्हणजे नक्की कोणती

आपल्याकडे मेंदूतल्या कुठल्याही सिस्टला, म्हणजे पिशवीसारख्या गाठीला, पाण्याची गाठ म्हणतात. त्या एका नावाखाली निरनिराळे आजार येतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा गाडीवरून पडला म्हणून त्याचा स्कॅन केला तर कानशिलाजवळ मोठी अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट निघाली. आक्काच्या गाठीच्या चौपट. ती बहुधा जन्मापासून असते, मेंदूवरच्या पातळ आवरणाच्या घडीत साठलेलं पाणी असतं ते. त्याला काही त्रास नव्हता, न्यूरोसर्जननी काही करायचं नाही म्हणून सांगितलं आणि ते अगदी बरोबर होतं. तो आता पोलीस भरतीची तयारी करतोय. मेंदूतल्या पिनियल नावाच्या ग्रंथीतली छोटी सिस्टही अशीच, दुसऱ्याच कशासाठी केलेल्या एमआरआयमध्ये पुष्कळांना सापडते आणि बहुतेकांना आयुष्यभर काही करत नाही.

मग जंताची गाठ. आमच्या मामीने लगेच कोबी बंद करा म्हणून फर्मान काढलं. कोबीतली अळी मेंदूत चढते ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. त्यात खरं एवढंच आहे की डुकरातल्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, मातीत आणि तिथून न धुतलेल्या कुठल्याही भाजीवर येऊ शकतात. ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होतात आणि फिट येतात. दोष कोबीचा नाही. आक्काला फिट नव्हती आणि तिची गाठ त्या जागची नव्हती.

तिची गाठ कोलॉइड सिस्ट. तिच्यात पाणी नसतंच. आत घट्ट, चिकट, जेलीसारखा ऐवज असतो, म्हणून तर सीटीवर ती काळी न दिसता बऱ्याचदा पांढरी दिसते. मेंदूतल्या सगळ्या गाठींमध्ये ती साधारण शंभरात एक. कॅन्सर नसते. वाढते अगदी हळू. पण ती बसते कुठे ते बघा.

मेंदूच्या आत चार कोठ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल्स म्हणतात. त्यात रोज साधारण अर्धा लिटर पातळ द्रव तयार होतो. एका वेळी मेंदूत आणि मणक्यात मिळून असतो मात्र दीडशे मिलिलिटरच. म्हणजे दिवसात तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. वरच्या दोन मोठ्या कोठ्यांतून ते खाली उतरतं दोन लहानशा भोकांतून, आणि ती दोन्ही भोकं तिसऱ्या कोठीच्या छतापाशी जवळजवळ असतात. कोलॉइड सिस्ट नेमकी तिथंच होते. मोठ्या हरभऱ्याएवढा दाणा, पण मोरीच्या जाळीवर बसलेला. दाणा जागेवर असेल तर पाणी कडेने झिरपत राहतं. जाळी पुरती बंद झाली तर वर पाणी तुंबतं, दाब चढतो, डोकं फुटायला येतं. वाट थोडी मोकळी झाली की उतरतं. आडवं झाल्यावर आक्काचं दुखणं का ओसरायचं आणि घागर लावताना का चढायचं, ते मला हे वाचल्यावर कळलं. पाय गळण्याचीही कोलॉइड सिस्टमध्ये नोंद आहे. आणि वाट बंद झाली ती उघडलीच नाही तर माणूस काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो, दगावूही शकतो.

रिपोर्टातलं ‘व्हेंट्रिकल्स किंचित मोठे’ हे शेवटचं वाक्य म्हणूनच गाठीच्या नावापेक्षा मोठं होतं. त्याचा अर्थ, पाणी तुंबायला लागलं आहे. गाठ साधी आहे हे खरं होतं, पण तिने रस्ता अडवलेला होता.

वही

भाचीने, ती अकरावीत होती, दोनशे पानी वहीत रकाने आखले. वेळ. तेव्हा काय करत होती. किती मिनिटं. उलटी झाली का. डोळ्यांपुढे अंधारी आली का. आडवी झाल्यावर किती वेळाने थांबलं. गोळी घेतली का. आक्काला लिहायचा कंटाळा, म्हणून ती कारखान्यातून आली की भाची विचारून विचारून भरायची.

‘किती वाजता दुखलं?’
‘मला काय ठाऊक. जेवायच्या सुट्टीआधी.’
‘काय करत होतीस?’
‘खाली पडलेली कात्री उचलली.’

सोळा दिवसांत एकोणीस वेळा दुखलं. त्यातल्या तेरा वेळा ती वाकलेली होती किंवा नुकती वाकून उठली होती. चार वेळा पहाटे झोपेतून उठल्या उठल्या, उलटीसह. गोळीने थांबलं असं एकदाही नाही. ज्या वेळी गोळी घेतली त्या वेळीही ती आडवी झाली होतीच. दीड वर्ष मी गोळ्या देत होतो आणि काम फरशी करत होती.

मी सहा महिने थांबायला तयार नव्हतो. सोलापुरातल्याच एका न्यूरोसर्जनची वेळ घेतली. बाहेर तीस-पस्तीस माणसं होती, आत गेल्यावर मिळणार पाच मिनिटं. आक्का बसली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, ‘डोकं दुखलालंय.’ भाचीने वही पुढे सरकवली. डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, पान उलटलं, खुर्ची पुढे घेतली. मग स्कॅनची फिल्म उजेडात धरली. त्यांनी विचारलं, ‘पाय गेले तेव्हा शुद्ध होती का?’ एवढ्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा आला.

त्यांनी तिथल्या तिथे दोन गोष्टी सांगितल्या. एक, आजच डोळ्यांचा पडदा तपासून या. चष्म्याचा नंबर नव्हे, डोळ्यात थेंब घालून आतली नस बघायची. आम्ही सिव्हिलमध्ये केसपेपर काढला, नेत्र विभागात थेंब घातले, अर्ध्या तासाने तपासलं. दोन्ही नसांना सूज होती. मेंदूतला दाब वाढल्याचा तो पुरावा, आणि तो वेळेत कमी झाला नाही तर नजर कायमची जाते. दीड वर्षापूर्वी चष्म्याच्या नंबराबरोबर हे बघितलं असतं तर सूज तेव्हा दिसली असती का, हे मला आता कुणी सांगू शकणार नाही. पण बघायला पाच मिनिटं पुरली असती.

दुसरं, त्यांनी केसपेपरवर लाल पेनाने लिहिलं: पाठीतून पाणी काढू नये. वर तुंबलेलं असताना खालून मणक्यातलं पाणी काढलं तर मेंदू खाली ढकलला जाऊन जिवावर बेततं. ताप-उलट्या-डोकेदुखी बघून रात्रीच्या ड्यूटीवरचा कुणी मेंदूज्वराच्या शंकेने ती तपासणी करू नये, म्हणून हे लाल अक्षर. आक्काला त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं: खूप झोप येतेय, हाक मारली तर डोळे उघडत नाही, उलट्या थांबत नाहीत, असं झालं तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन करायचा. तोवर कारखाना बंद, घागर बंद.

एमआरआय झाला. कोलॉइड सिस्ट नक्की झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेली एक गुणपद्धत न्यूरोसर्जन वापरतात असं त्यांनी समजावलं: वय 65 च्या आत, डोकेदुखी आहे, गाठ 7 मिलिमीटर किंवा मोठी, एमआरआयच्या एका विशिष्ट चित्रात ती पांढरी दिसते, आणि ती धोक्याच्या जागी आहे. प्रत्येकाला एक गुण. पाचपैकी आक्काला पाच. लहान गाठ, लक्षणं नाहीत, पाणी तुंबलेलं नाही, अशा माणसाला हेच डॉक्टर नुसती देखरेख सांगतात. इथं थांबण्यात अर्थ नव्हता.

कागद

शस्त्रक्रिया दुर्बिणीने करायची ठरली. कवटीला लहान भोक, त्यातून दुर्बीण कोठीत, गाठीतला ऐवज शोषून घ्यायचा आणि वेष्टन शक्य तेवढं काढायचं. आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं की अशा शस्त्रक्रिया नेहमी करणारा त्यांचा सहकारी पुण्यात आहे, तिकडे जा. आपल्या हातातला पेशंट स्वतःहून दुसरीकडे पाठवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. सकाळी साडेसहाच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. मी त्या पुण्याच्या सर्जनना सरळ विचारलं, ‘तुम्ही वर्षाला अशा किती करता?’ ते रागावले नाहीत, आकडा सांगितला, किती जणांना काय त्रास झाला तेही सांगितलं.

पैशाचा प्रश्न महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने सोडवला, पण सहज नाही. ही योजना 2012 मध्ये वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यात सोलापूर होतं, त्यामुळे इथल्या लोकांना तिची ओळख जुनी आहे. रुग्णालय योजनेत होतं, न्यूरोसर्जरी योजनेत बसते. अडलं कुठे, तर रेशनकार्ड दाजींच्या नावावर, आणि आक्काच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक, कार्डावर दुसरं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, मंजुरीसाठी कागद चढवायच्या आधीच ते दाखवून दिलं, हे त्याचे उपकार. मी परत येऊन पुरवठा विभागात तीन खेपा घातल्या. त्या नऊ दिवसांत आक्का रात्री झोपली की भाची उशाशी बसून दर दोन तासांनी हाक मारायची. ज्यांच्या घरात दीर्घ आजार आहे त्यांना हात जोडून सांगतो, गरज पडायच्या आधी ही दोन कार्डं शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळतंय का ते बघून घ्या. अडचण आली तर योजनेच्या 155388 या क्रमांकावर विचारता येतं.

संमतीच्या वेळी सर्जननी सगळे धोके सांगितले: रक्तस्राव, संसर्ग, फिट, गाठीचं वेष्टन राहिलं तर पुन्हा वाढणं. आणि स्मरणशक्ती. गाठीला अगदी लागून एक नाजूक दोरी जाते, नवी आठवण पक्की करायचं काम तिच्यावर असतं. तिला धक्का लागला तर नवं काही लक्षात राहत नाही. आक्काने आतापर्यंत एकही प्रश्न विचारला नव्हता. इथे विचारला. ‘मापं लक्षात राहतील का? पहिलीपासून दहावीपर्यंतची कॉलरची मापं मला तोंडपाठ आहेत.’ सर्जन थोडे थांबून म्हणाले, ‘जुनं पाठ असलेलं सहसा जात नाही. नव्याबद्दल मी शब्द देऊ शकत नाही.’ ते खोटं बोलले नाहीत म्हणून तिने सही केली, असं ती नंतर म्हणाली.

नंतर

फेब्रुवारी 2025 मध्ये शस्त्रक्रिया झाली. पाच दिवसांनी घरी. तपासणीत कोलॉइड सिस्टच निघाली. फिट येऊ नये म्हणून काही महिने लेव्हेटिरॅसिटॅम चालू राहिलं. वाकल्यावर चढणारं दुखणं त्या दिवसापासून गेलं. ती पहिल्यांदा नळाशी वाकली तेव्हा आम्ही दोघं मागे उभे होतो. ती घागर भरून सरळ झाली, एक मिनिट तशीच उभी राहिली आणि म्हणाली, ‘काही नाही रे.’

पण सगळं जागेवर आलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिले दोन महिने ती सकाळी विचारलेलं दुपारी पुन्हा विचारायची. भाजी आणली का, लाइट बिल भरलं का. भाचीची परीक्षा कधी संपली हे तिला चार वेळा सांगावं लागलं आणि चौथ्या वेळी तिला ते आपल्याला आधी सांगितलं होतं हे जाणवून ती रडली. आता बरंच सुधारलंय, पूर्ण नाही. बोथट, दिवसभर रेंगाळणारी एक डोकेदुखीही उरली होती. ती गोळ्यांची होती. डॉक्टरांनी सगळ्या वेदनाशामक गोळ्या एकदम बंद केल्या, दहा-बारा दिवस फार वाईट गेले, मग ती उतरली. माझ्या हाताने दिलेल्या गोळ्यांचं ते देणं होतं. डोळ्यांच्या नसांची सूज तीन महिन्यांत गेली, नजर वाचली.

जुलैपासून ती कारखान्यात अर्धा दिवस जाते. जुनी मापं खरंच शाबूत आहेत. एका शाळेने या वर्षी कॉलरचा नमुना बदलला, ती नवी मापं मात्र डोक्यात ठरत नव्हती. तेव्हा तिने भाचीकडून तीच दोनशे पानी वही मागून घेतली. पुढच्या पानांवर दुखण्याच्या वेळा आहेत, मागच्या पानापासून तिच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात इयत्तावार मापं. पुढचा एमआरआय फेब्रुवारीत आहे. पुण्याला जाताना वही न्यायची की कारखान्यात ठेवायची यावरून कालच मायलेकींचं वाजलं, आणि शेवटी भाचीने पुढची पानं मोबाइलवर फोटो काढून घेतली.